दर्या, दप्तर आणि पदवी

मासे धरावयास शिकण्यासाठी मुलाला विद्यापीठात कशाला घालावयाचे, असा प्रश्न आमच्या शहरांतील चांगले सुशिक्षित गृहस्थही सहज विचारून जातात. विचारणाऱ्यांच्या मनात तिरस्कार नसतो, निव्वळ अपरिचय असतो. विद्यार्थ्याने शेतकी कॉलेजात नाव घातले तर त्यात कोणास नवल वाटत नाही. पण मत्स्यविद्यालयाचे नाव काढले की समोरचा माणूस किंचित हसतो. पुण्याच्या शेतकी कॉलेजाला शंभरांहून अधिक वर्षे झाली. ते निघाले तेव्हा, कुणब्याला नांगर धरायला कॉलेज काय शिकवणार, असे म्हणणारे लोक काही थोडे नव्हते. ते म्हणणे काळाने मागे टाकले. मत्स्यविद्येच्या वाट्याला मात्र तो काळ फार उशिरा आला. रत्नागिरीजवळ शिरगाव येथे महाराष्ट्रातील पहिले मत्स्यविद्यालय निघाले ते १९८१ साली. शेतकीनंतर मासळीचा क्रम लागण्यास एवढी वर्षे का लागली, हे पाहू गेले असता या विद्येचा सारा इतिहासच समोर येतो.

माशांविषयीचे ज्ञान आपल्या देशात नव्हते असे नाही. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ नावाचा जो विश्वकोशासारखा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला, त्यात ‘मत्स्यविनोद’ असे एक प्रकरणच आहे. गोड्या व खाऱ्या पाण्यातील सुमारे पस्तीस प्रकारच्या माशांची नावे, त्यांचे आकार, त्यांना कोणते खाद्य आवडते, गळ कसा असावा, हे सर्व त्यात आले आहे. भारतीय प्राणिशास्त्राचे मोठे अभ्यासक सुंदरलाल होरा यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास या प्रकरणाचा शोध घेऊन त्यातील माशांची आधुनिक ओळख पटविण्याचा प्रयत्न केला. परंतु हा विनोद राजाचा होता. ज्याच्या पोटाचा तो धंदा होता त्या भोई-कोळ्याचे ज्ञान ग्रंथात उतरले नाही. ते बापाकडून मुलाकडे होडीतच पोहोचत राहिले.

ते ज्ञान हलके होते असे मात्र कोणी समजू नये. आमच्या कोकण किनाऱ्यावरचे डोल जाळे पाहा. तळाशी पक्के ठोकलेल्या खुंटांना बांधलेले हे पिशवीसारखे लांबट जाळे भरती-ओहोटीच्या ओढीने आपोआप फुगते आणि प्रवाहाबरोबर येणारे बोंबील, जवळा, मांदेली त्यात शिरतात. जाळे ओढावयास ना वाफ लागते ना तेल. काम चंद्र करतो. ते चालवावयाचे तर उधाणाची भरती कोणती आणि भांगाची कोणती, कोणत्या तिथीला किती ओढ असणार, पाणी केव्हा फिरणार, हे घड्याळासारखे ठाऊक पाहिजे. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून नारळी पौर्णिमेपर्यंत थांबावयाचे, या रिवाजात धर्म होता, वाऱ्याचे भय होते, आणि माशांच्या कित्येक जातींना अंडी घालण्यास मिळणारी सवडही होती. आज सरकार पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी घालते, ती याच रिवाजाची कायद्याच्या भाषेतील आवृत्ती होय.

इंग्रजी अमलात माशांचा अभ्यास सुरू झाला तो वैद्यांच्या हातून. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन याने गंगेच्या खोऱ्यातील माशांवरचा ग्रंथ १८२२ मध्ये छापला. फ्रान्सिस डे याचा ‘द फिशेस ऑफ इंडिया’ हा सचित्र ग्रंथ १८७५ ते १८७८ या काळात निघाला. दोघेही पेशाने शल्यवैद्य. डे याचे काम आजही मत्स्यविद्येच्या विद्यार्थ्याला टाळता येत नाही, इतके ते पक्के आहे. १८९७ मध्ये मत्स्यविषयक कायदा झाला, त्यात सुरुंग उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारण्यास मनाई करण्यात आली. म्हणजे एकोणिसावे शतक सरता सरता आपल्याकडे तीन गोष्टी तयार होत्या: कोळ्याच्या होडीतले ज्ञान, संग्रहालयातील बरण्यांत ठेवलेले मासे, आणि कचेरीतील दप्तर. या तिघांची एकमेकांशी भेट झालेली नव्हती. होडीवाल्याला बरणीतले लॅटिन नाव ठाऊक नव्हते, आणि बरणीवाल्याला तो मासा किती वर्षांचा झाला म्हणजे अंडी घालतो हे ठाऊक नव्हते. दप्तरवाल्याला बहुधा यांपैकी काहीच ठाऊक नव्हते.

ही भेट घडवून आणण्याचा पहिला मनापासूनचा प्रयत्न मद्रासेत झाला आणि तो करणारा माणूस मुलकी अधिकारी होता. सर फ्रेडरिक निकल्सन हे नाव आपल्याकडे आठवते ते सहकारी पतपेढ्यांच्या अहवालामुळे. पण त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध मासळीत गेला. १९०५ पासून त्यांनी मद्रास इलाख्यातील मत्स्यव्यवसायाची चौकशी चालविली, जपानला जाऊन तेथील व्यवसायावर टिपण लिहिले, आणि १९०७ मध्ये मद्रासला मत्स्यखात्याचा पाया घातला. त्यांनी जपानच का निवडावा, यात मर्म आहे. जपानात १८८८ मध्येच टोकियोस मत्स्यव्यवसाय शिकविणारी संस्था निघाली होती, आणि तीच पुढे वाढत वाढत विद्यापीठ झाली. अमेरिकेत सिएटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन कॉब यांच्या हाताखाली मत्स्यविद्येचे महाविद्यालय १९१९ मध्ये सुरू झाले. निकल्सन आणि त्यांच्यामागून आलेले जेम्स हॉर्नेल यांनी मलबार किनाऱ्यावर मासळी खारविण्याचे, डब्यात भरण्याचे, तेल काढण्याचे प्रयोग केले. मच्छीमारांच्या मुलांसाठी शाळा चालविण्याकडेही त्या खात्याने लक्ष दिले. विद्यापीठापर्यंत मात्र गोष्ट गेली नाही.

आमच्या मुंबई इलाख्याची कथा याहून रेंगाळलेली आहे. डब्ल्यू. एच. लूकस या अधिकाऱ्याने १९१० मध्ये इलाख्यातील मत्स्यव्यवसायावर अहवाल दिला. पुढे १९२१–२२ मध्ये ‘विल्यम कॅरिक’ नावाचे वाफेवर चालणारे ट्रॉलर जहाज आणून मुंबईजवळच्या समुद्रात तळ खरवडून पाहिला. प्रयोग व्यापाराच्या दृष्टीने फसला आणि तो गुंडाळण्यात आला. १९३३ मध्ये सॉर्ली यांचा मुंबई इलाख्याच्या समुद्री मासेमारीवरील ग्रंथ आला, तोही एका मुलकी अधिकाऱ्याचाच. स्वतंत्र मत्स्यखाते निघावयास दुसरे महायुद्ध संपावे लागले. या पस्तीस वर्षांत दर वेळी कोणीतरी कर्तबगार अधिकारी यावा, चांगला अहवाल लिहावा, आणि त्याची बदली झाली की अहवालाने कपाटात जावे, असे चालले. कारण उघड आहे. तो अहवाल वाचून उद्या सकाळी बंदरावर काय करावयाचे हे समजणारी शिकलेली माणसेच खात्यात नव्हती. आमच्या मते मत्स्यशिक्षणाच्या बाजूने याहून बळकट पुरावा दुसरा नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी दोन केंद्रीय संशोधनसंस्था उभ्या राहिल्या. समुद्री मासळीसाठी ३ फेब्रुवारी १९४७ रोजी एक केंद्र निघाले. ते प्रथम मद्रासेत, नंतर मंडपम येथे होते आणि १९७१ मध्ये कोचीनला गेले. गोड्या पाण्यासाठी त्याच सालच्या मार्चमध्ये कलकत्त्यास दुसरे निघाले, आणि पुढे त्याचे ठाणे बराकपूरला झाले. यांतल्या दुसऱ्या संस्थेच्या कटक येथील शाखेत जे घडले त्यापाशी थोडे थांबले पाहिजे. मत्स्यविद्या म्हणजे नेमके काय, हे सांगावयास याहून चांगले उदाहरण आम्हांस सापडत नाही.

कटला, रोहू, मृगळ हे आपल्या तळ्यांतील मुख्य मासे. तळ्यात ते उत्तम वाढतात, पण एक अडचण अशी की बांधलेल्या पाण्यात ते अंडी घालीत नाहीत. त्यांना पावसाळ्यातल्या पुराचे वाहते पाणी लागते. त्यामुळे तळ्यात मासे सोडावयाचे तर त्यांचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. पुराच्या पाण्यात बारीक जाळी लावून ते धरीत आणि मडक्यांत भरून, वाटेत पाणी हलवीत व बदलीत, कलकत्त्याहून रेल्वेने दूरदूरच्या प्रांतांत पाठवीत. वाटेत बरेच मरे. जे जगे त्यात कटला-रोहू किती आणि त्यांनाच खाणारे दांडगे मासे किती, हे सहा महिन्यांनी कळे. शेतकऱ्याने गव्हाच्या नावाने पोते आणावे आणि पेरल्यावर निम्मे तण उगवावे, तसा हा व्यवहार होता.

माशाच्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याहूनही लहान अशी पोष ग्रंथी असते. तिचा अर्क टोचला असता मासा अंडी घालण्यास उद्युक्त होतो, हे दक्षिण अमेरिकेत १९३० नंतरच्या दशकात दाखविले गेले होते. आपल्याकडे पंजाबात हमीद खान यांनी १९३७ च्या सुमारास मृगळावर तसा प्रयत्न केला होता. हिरालाल चौधुरी यांनी १९५५ मध्ये एका चिमुकल्या जातीवर यश मिळविले, आणि १० जुलै १९५७ रोजी ओरिसातील अंगुल येथे त्यांनी व के. एच. अलीकुन्ही यांनी मोठ्या कार्प माशांकडून तळ्याच्या पाण्यात अंडी घालवून घेतली. कृती ऐकावयास साधी आहे. पक्व माशाच्या डोक्यातून ग्रंथी काढावयाची, मद्यार्कात जपून ठेवावयाची, खलून तिचा अर्क करावयाचा. संध्याकाळी मादीला एक टोचणी, काही तासांनी दुसरी, त्याच वेळी नरांना एक. आणि कापडाच्या हौदात, ज्याला ‘हापा’ म्हणतात, त्यांना एकत्र सोडावयाचे. पहाटेपर्यंत हापा अंड्यांनी भरून जातो. दहा जुलै हा दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच कारणाने.

आकडेच पाहावयाचे तर १९५०–५१ मध्ये देशात एकूण सुमारे साडेसात लाख टन मासळी मिळत होती. त्यापैकी पाच लाखांहून अधिक समुद्राची आणि दोन लाखांच्या आसपास गोड्या पाण्याची. २०२२–२३ मध्ये एकूण १७५ लाख टन झाली आणि त्यातली १३१ लाख टन अंतर्गत पाण्याची. समुद्र मागे पडला आणि तळे पुढे गेले. याचे सगळे श्रेय एका टोचणीला देणे योग्य नव्हे. खाद्य, धरणे, वाहतूक, बर्फ, कर्जे या सर्वांचा त्यात हात आहे. पण बीजच नसते तर पुढचे काहीच झाले नसते.

आता इथे शिक्षणाचा प्रश्न निघतो. अंगुलला यश मिळाले, पण ते देशभरच्या हजारो तळ्यांवर करून दाखविणार कोण? महायुद्धाच्या अखेरीस मद्रास आणि कलकत्त्याकडे नोकरीतील माणसांसाठी प्रशिक्षणवर्ग निघाले होते, ते अपुरे होते. राज्यांच्या खात्यांत भरती होई ती बहुतेक प्राणिशास्त्राच्या पदवीधरांची. त्यांना बेडूक कापता येई, माशांची लॅटिन नावे पाठ येत. तळ्याला चुना किती घालावा, जाळ्याच्या आसाचे माप किती असावे, सहकारी सोसायटीचा ताळेबंद कसा वाचावा, हे कोणी शिकविलेले नसे. केंद्र सरकारने नेमलेल्या मत्स्यशिक्षण समितीच्या शिफारशीवरून ६ जून १९६१ रोजी मुंबईस केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था निघाली. राज्याराज्यांतून खात्याचे अधिकारी तेथे पाठविले जात आणि दोन वर्षांची पदविका घेऊन परत जात. म्हणजे आधी नोकरी आणि मग शिक्षण, असा हा उलटा क्रम होता. तरी पुढे कित्येक राज्यांच्या मत्स्यखात्यांचा कणा याच मंडळींनी बनला. ही संस्था १९७९ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेकडे गेली आणि १९८९ मध्ये तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. ती आहे वर्सोव्याला, आणि वर्सोव्याचा जुना कोळीवाडा तिच्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. हे अंतर किती जण चालून जातात, हा प्रश्न आम्ही पुढे घेऊ.

बारावीनंतर थेट मत्स्यविद्येत पदवी घेण्याची सोय मात्र १९६९ मध्ये मंगळूरला झाली. तत्कालीन म्हैसूर राज्यात, बंगलोरच्या कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली, देशातले पहिले मत्स्यविद्यालय तेथे निघाले. टोकियोची संस्था निघाल्यापासून तोवर ८१ वर्षे लोटली होती. त्यामागून तमिळनाडूत तुतिकोरीन, केरळात पनंगाड, ओरिसात बरहमपूरजवळ रंगाईलुंडा अशी विद्यालये निघाली आणि १९८१ मध्ये दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने रत्नागिरीचे सुरू केले. पुढे महाराष्ट्रात पशु व मत्स्य विज्ञानाचे विद्यापीठ २००० मध्ये नागपूरला स्थापन झाले आणि नागपूर व उदगीर येथेही मत्स्यविद्यालये झाली. केरळने २०१० मध्ये आणि तमिळनाडूने २०१२ मध्ये निव्वळ मत्स्यविद्येची विद्यापीठेच काढली. उदगीरचे नाव ऐकून कोणी चकित होईल. मराठवाड्यात समुद्र कोठला? पण वर दिलेले १३१ लाख टन लक्षात घेतले म्हणजे चकित होण्याचे कारण उरत नाही.

चार वर्षांच्या या पदवीत शिकवितात काय, हे पालकांनी नीट समजून घ्यावे. मत्स्यसंवर्धन म्हणजे माशांची शेती हा एक मोठा भाग. पाण्याचे व मातीचे रसायन, माशांचे रोग, खाद्य, पैदास हे सारे त्यात आले. दुसरा भाग पकडलेल्या मासळीचा, म्हणजे ती टिकविणे, गोठविणे, तपासणे. जाळी व नौका यांचा एक विषय आहे आणि त्यात विद्यार्थ्याला स्वतः गाठी मारून जाळे विणावे लागते. कोळीवाड्यातून आलेला मुलगा वर्गात असला तर या तासाला गुरू कोण आणि शिष्य कोण, हे ओळखणे कठीण जात असेल. अर्थशास्त्र, सहकार, कायदा आणि शेवटच्या वर्षी प्रत्यक्ष गावात किंवा कारखान्यात काढावयाचे काही महिने, असा एकंदर क्रम.

या सर्वांत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो विषय म्हणजे समुद्रात मासे किती आहेत याचा अंदाज बांधण्याचे शास्त्र. १८८३ मध्ये लंडनला मोठे मत्स्यप्रदर्शन भरले होते. तेथे टॉमस हक्स्ली यांच्यासारख्या श्रेष्ठ शास्त्रज्ञाने, समुद्रातील मोठ्या मत्स्यव्यवसायांना माणसाच्या मासेमारीने कमतरता येणार नाही, असे मत दिले. त्या काळच्या शिडाच्या होड्यांपुरते ते चुकीचे नव्हतेही. पण वाफेची जहाजे आली आणि वीस वर्षांच्या आत युरोपातील देशांना कोपनहेगनला आंतरराष्ट्रीय समुद्रसंशोधन परिषद बसवावी लागली. माशाच्या कानातील खड्यावर किंवा खवल्यावर झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये पडतात. ती मोजून माशाचे वय सांगता येते. नॉर्वेच्या योहान ह्योर्ट यांनी या रीतीने हेरिंग माशांची वये काढली तेव्हा आढळले की वर्षानुवर्षे जाळ्यात येणाऱ्या माशांत बहुतेक भरणा १९०४ साली जन्मलेल्यांचाच आहे. एका सालाची पिले तगली तर दहा वर्षे चंगळ. तगली नाहीत तर जाळी रिकामी. १९१४ मध्ये त्यांनी हे सिद्धान्तरूपाने मांडले. उष्ण समुद्रातील आपल्या माशांच्या कानखड्यांवर ही वलये अशी स्पष्ट पडत नाहीत, म्हणून आमच्या शास्त्रज्ञांना लांबी मोजून, महिन्यामागून महिना हजारो मासे मोजून, तेच गणित फिरवून सोडवावे लागते. कोचीनच्या संस्थेची माणसे देशभरच्या बंदरांवर जाऊन उतरलेली मासळी मोजतात, ती याचसाठी. काम कंटाळवाणे आहे, वासाचे आहे, आणि त्यावाचून या देशात मासेमारीचा एकही शहाणा नियम करता आला नसता.

आता नोकऱ्यांविषयी. पालकांना खरे तर एवढेच ऐकावयाचे असते, याची आम्हांस कल्पना आहे. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यात विकास अधिकारी व सहायक आयुक्त या जागा, केंद्राच्या मत्स्य सर्वेक्षण विभागातील व संशोधनसंस्थांतील जागा, १९७२ मध्ये स्थापन झालेल्या समुद्री उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणातील जागा, बँकांतील कृषी अधिकाऱ्याच्या जागा, कृषी विज्ञान केंद्रे, आणि पुढे शिकून अध्यापन, या वाटा आहेत. पण सरकारी जागा थोड्या आणि त्यांच्या जाहिराती वर्षानुवर्षांनी निघतात. पदवी घेतलेल्या मुलाने जाहिरातीची वाट पाहत घरी बसावे, हे दृश्य आम्ही पुष्कळ घरी पाहिले आहे आणि ते पाहून विषाद वाटतो.

खासगी क्षेत्रात मोठा आश्रय आहे तो कोळंबीचा. त्याचा इतिहासही चढउताराचा आहे. १९९० च्या सुमारास पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः आंध्रात, कोळंबीच्या शेतीने सोन्याचे दिवस दाखविले. चार वर्षांत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणुरोग आला आणि तळी ओस पडली. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने किनारपट्टीवरील बेबंद कोळंबीशेतीविरुद्ध कडक निकाल दिला. २००५ मध्ये कायदा होऊन त्यावर देखरेख करणारे प्राधिकरण आले. २००९ पासून व्हेनामी ही परदेशी जात, रोगमुक्त जनकांपासूनच बीज काढावयाचे या अटीवर, आणू दिली गेली आणि धंदा पुन्हा उभा राहिला. बीजकेंद्र चालविणारा, पाणी तपासणारा, खाद्य विकणारा, रोग ओळखणारा, अशा प्रत्येक पायरीवर आज मत्स्यविद्येचा पदवीधर लागतो. वर्सोव्याच्या संस्थेने तर हरियाणात रोहतकजवळ लाहली येथे, जमिनीखालचे पाणी खारावून शेती बुडाली होती अशा ठिकाणी, त्याच खाऱ्या पाण्यात कोळंबी वाढवून दाखविली. समुद्रापासून शेकडो मैलांवर जाट शेतकरी कोळंबी पिकवू लागला. आमच्या मते अंगुलनंतरची ही सर्वांत रंजक कथा आहे. तरीही कोळंबीचा भाव परदेशी बाजारावर अवलंबून असतो आणि तो पडला की पहिली कुऱ्हाड नव्या पदवीधराच्या नोकरीवर पडते, हेही सांगून ठेवले पाहिजे.

विदर्भात आणखी एक क्षेत्र पडून आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागांत जुने मालगुजारी तलाव आहेत, आणि त्यांवर ढिवर समाजाच्या सहकारी संस्था मासेमारी करतात. तलाव गाळाने भरले आहेत, बेशरमीने वेढले आहेत. बीज बाहेरून आणावे लागते. नागपूरच्या विद्यालयातून निघालेला पदवीधर या तलावांच्या गावी जाऊन बसला तर त्याला काम पुरून उरेल. पगार देणारा मात्र कोणी नाही. राज्य सरकारने २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला. त्याचा लाभ अशा तलावांपर्यंत पोहोचविण्यासाठी कागद लिहून देणारा, बँकेत बरोबर जाणारा कोणीतरी लागेलच, आणि तो मासळी जाणणारा असला तर अधिक बरे.

वर्सोव्याच्या अंतराचा प्रश्न आम्ही मागे ठेवला होता. शंभर वर्षांपूर्वी होडी, बरणी आणि दप्तर यांची भेट झालेली नव्हती. विद्यापीठाने बरणी आणि दप्तर यांची गाठ घालून दिली, हे निर्विवाद. होडीचे काय? प्रवेश गुणांवर मिळतो, तेव्हा शहरातील शिकवणीवर्गांतून आलेली मुले पुढे येतात. त्यांत वावगे काही नाही. पण ज्याच्या घरी डोल आहे त्या मुलाला परीक्षेच्या गुणांत त्या डोलीचे काही मोल मिळत नाही. आणि मुलींचे म्हणाल तर आमच्या किनाऱ्यावर मासळी विकणे, सुकविणे, पैशाचा हिशेब ठेवणे हे सारे बायकांच्या हाती. बाजार जितका कोळणीला कळतो तितका अर्थशास्त्राच्या पुस्तकाला कळत नाही. तिची मुलगी मत्स्यअर्थशास्त्रात पदवी घेऊन उभी राहिली तर त्या विषयाचे पुस्तकच थोडे बदलेल, असे आम्हांस वाटते. अशा मुली आता विद्यालयांत दिसू लागल्या आहेत. थोड्या आहेत, पण आहेत.

हा सगळा प्रश्न केवळ न्यायाचा नाही, समुद्रातील पापलेटचा आहे. सातपाटीच्या पापलेटची ख्याती मुंबईकरांस सांगावयास नको. ते मिळेनासे होत चालले आहे, आणि मिळते त्यात कोवळ्या पिलांचा भरणा फार. २०२३ मध्ये राज्याने चंदेरी पापलेटला राज्यमासा म्हणून गौरविले. त्याच साली कोचीनच्या संस्थेच्या शिफारशींवरून ५४ जातींचे किमान कायदेशीर आकार ठरविले. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे. याहून लहान पापलेट पकडणे व विकणे हा गुन्हा. या आकड्यामागे त्या हजारो मोजण्या आहेत, हे वर आलेच. पूर्वी १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालील खटले तहसीलदारापुढे जात. २०२१ च्या दुरुस्तीने तो अधिकार मत्स्यखात्याच्या अधिकाऱ्यांकडे आला. म्हणजे मत्स्यविद्येच्या पदवीधराच्या हाती आता दंडाचे पुस्तकही आले आहे.

आणि काम असे आहे. पहाटे चार वाजता धक्क्यावर बोटी लागतात. टोपल्या उतरतात, लिलाव उभ्या उभ्या होतो, अर्ध्या तासात माल गाडीत जातो. अधिकारी एकटा असतो, फूटपट्टी घेऊन. समोरचा तांडेल त्याच्या बापाच्या वयाचा. जाळ्यात पिले आली ती त्याने मुद्दाम आणली नाहीत, जाळ्याचा आस बारीक आहे म्हणून आली. आस मोठा करावयाचा तर बोंबील निसटतो, आणि नवे जाळे घ्यावयास पैसा सोसायटीकडे मागावा लागतो. शेजारच्या बोटीने लहान आसाचे जाळे टाकलेच आहे, मग मीच का थांबावे, असे तो विचारतो. या प्रश्नाला उत्तर द्यावयाचे तर आसाचे गणित, पापलेटची वाढ, सोसायटीचा ताळेबंद आणि कायद्याचे कलम ही चारही एकाच वेळी तोंडी असली पाहिजेत, आणि ती त्या तांडेलाच्या बोलीत सांगता आली पाहिजेत. गेल्या काही वर्षांत या धक्क्यांवर उभे राहिलेल्या तरुण अधिकाऱ्यांपैकी काहींना तांडेल ‘साहेब’ न म्हणता नावाने हाक मारतात. ते त्याच कोळीवाड्यांतले आहेत.